कासव रुसत नाही

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी काचेच्या भांड्यात एखादे छोटे हिरवे कासव आहे का? नसले, तरी बाजारातून जाताना तुम्ही ते नक्की पाहिले असेल. बशीभर पाण्यात दहा-बारा पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा. काही त्रास नाही." या तीन शब्दांविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने ईदीच्या पैशांतून असेच एक पिल्लू आणले. त्याचे नाव ठेवले 'राजा'. राजाला काचेच्या भांड्यात, चार बोटे पाण्यात ठेवले आणि ते भांडे बैठकीच्या खोलीत फळीवर गेले. भाचा त्याला तळहातावर घेई, पावाचा चुरा पुढे धरी आणि बोटाने पाठीवर टकटक करी. राजा लगेच मान आत ओढून घेई. पावाला तोंडही लावत नसे.

"मामू, राजा माझ्यावर रुसला आहे," भाचा एक दिवस रडवेला होऊन म्हणाला.

मी हसलो आणि म्हणालो, "रुसू दे. भूक लागली की खाईल."

ते माझे हसणे चुकीचे होते, हे मला दोन महिन्यांनी समजले. राजाचे डोळे सुजून बंद झाले. पाठ बोटाने दाबली तर दबू लागली. आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे सांगितले, "कासव रुसत नाही. ते तुम्हाला काहीतरी सांगत होते. तुम्हाला ते कळले नाही."

मित्रांनो, माझे मत असे आहे की, मुक्या प्राण्याच्या वागण्याला आपण फार लवकर नावे ठेवतो. मांजर लबाड, गाढव मूर्ख, कासव आळशी! पण प्राणी जे करतो, त्यामागे काही कारण असते. ते कारण शोधणे हे पाळणाऱ्याचे पहिले काम आहे.

राजाचेच उदाहरण घ्या. तो पाव खात नव्हता, कारण पाण्यात राहणारे हे कासव आपला घास पाण्यातच गिळते. पाण्याबाहेर त्याला तो नीट गिळता येत नाही. शिवाय पाव हे त्याचे अन्नच नव्हे. या जातीची पिल्ले पाण्यातले किडे आणि लहान मासे खातात. मोठेपणी ती पाणवनस्पतीही भरपूर खातात. पाठीवर टकटक केली की तो मान आत घेई, कारण तो घाबरत होता. कासवाची पाठ म्हणजे अंगावर चढवलेली पेटी नव्हे. तिच्यात त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा जुळलेला असतो. तिला स्पर्श कळतो आणि दुखापत झाली तर वेदनाही होतात.

मान आत घेताना कधी कधी 'हिस्स' असा आवाज येतो. मुलांना वाटते, कासव चिडले. खरे तर डोके आत गेले की फुप्फुसांतली हवा बाहेर पडते, त्याचा तो आवाज आहे. दगडावर बसून ते मागचे पाय लांब करते, बोटे फाकवते आणि तासभर हलत नाही. तेव्हा ते आजारी नसते, तर ऊन खात असते. त्याचे शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही. ती त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणूनच थंडीच्या दिवसांत पाणी गार झाले की ते कमी खाते. पाठीवरचे पातळ पापुद्रे कधी कधी सुटतात, तेही वाढीचे लक्षण आहे. ते ओढून काढू नयेत.

कासव काचेला सतत नखे घासत असेल, तर मात्र विचार करावा. कदाचित जागा अपुरी असेल. कदाचित ती मादी असेल आणि अंडी घालायला माती शोधत असेल. मादी एकटी असली, तरी अंडी घालू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि आपण दिसताच ते पोहत पुढे येते, ते कशासाठी? माणूस आला म्हणजे खाणे येते, एवढे ते शिकलेले असते. आपल्याला वाटते, बिचारे भुकेले आहे! मग घरातला प्रत्येक जण चिमूट चिमूट खाणे टाकतो. त्यामुळे कासव जाड होते आणि पाणी घाण होते. खाणे एकानेच द्यावे आणि ठरलेल्या वेळीच द्यावे. मोठ्या कासवाला एक दिवसाआड दिलेले पुरते.

आता कोणी विचारेल, "मग कासव ठेवावे तरी कसे?" त्याला पोहता येईल एवढे खोल पाणी आणि मोठी टाकी हवी. पाण्याबाहेर येऊन अंग कोरडे करता येईल असा दगड किंवा फळी हवी. रोज ऊन हवे, पण ते खिडकीच्या काचेतून आलेले नको. उन्हातल्या ज्या किरणांमुळे कासवाच्या हाडांना व पाठीला बळ मिळते, ते काच अडवते. मात्र उन्हात ठेवताना सावलीचा कोपराही असावा, नाहीतर पाणी तापून ते मरेल. पाणी वरचेवर बदलावे. हे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये आणि कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांमुळे ताप, उलट्या आणि जुलाब होतात. लहान मुलांना याचा धोका जास्त असतो. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

मित्रांनो, हे कासव मूळचे अमेरिकेचेच आहे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. डोळ्यांमागे लाल पट्टा असल्यामुळे त्याला 'लाल कानाचे कासव' म्हणतात. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असणारे हे पिल्लू पुढे २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे सहावीतल्या मुलाने आणलेले कासव त्याच्या लग्नातही हजर असेल! दुकानात हे कोणी सांगत नाही.

राजा हळूहळू बरा झाला. तो तळहाताहून मोठा झाला, तेव्हा त्याच्या टाकीने अर्धी गच्ची अडवली. शेजारचे चाचा म्हणाले, "तलावात सोडून द्या. मुक्या जिवाची दुआ लागेल." त्यांचा हेतू चांगला होता. भाच्यालाही ते पटले. माझ्याही मनात आले की, कैदेतून सोडणे यापेक्षा चांगले काम कोणते?

पण सोडणार कोठे? आपला तलाव हे राजाचे घर नव्हे. तेथे आपल्याकडची कासवे राहतात. लाल कानाचे कासव खादाड आणि चिवट असते. ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न ते बळकावते. त्याच्याबरोबर नवे रोगही जातात. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपातील देशांनी १९९७ साली त्याची आयात थांबवली, ती याच भीतीने. एका जिवाला मोकळे करताना आपण शंभर जिवांचे घर मोडणार असू, तर त्याला दया म्हणता येईल का? मला तरी म्हणता येत नाही.

आणि म्हणून कोणी तलावातले कासव पकडून घरी आणू नये. आपल्या देशातील रानटी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. ती पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे.

राजा आजही आमच्या गच्चीवर आहे. त्याचे पाणी बदलणे हे भाच्याचे काम. परीक्षा असो की सुट्टी, ते चुकत नाही. कधी कधी तो कंटाळतो. तेव्हा मी त्याला एवढेच म्हणतो, "तू त्याला आणलेस. तो स्वतः आला नाही."

तुमच्या घरी कासव असेल, तर त्याला शेवटपर्यंत सांभाळा आणि तो काय सांगतो आहे ते रोज पाहा. नसेल, तर आणू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. कासवे पाहण्याची हौस असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी जा. तेथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रकासवांची इवलीशी पिल्ले वाळूतून निघून समुद्राकडे धावतात. त्यांना कोणी वाट दाखवत नाही आणि पाहायला आलेले कोणी हातही लावत नाही. लोक बाजूला उभे राहून नुसते पाहतात. प्रेमाची ही रीतही आपण शिकली पाहिजे.