पाहुणा गप्पी

कुर्डुवाडीला पाहुण्यांची अपूर्वाई नाही. 1897 साली बार्शीची छोटी आगगाडी येथून धावू लागली, तेव्हापासून या जंक्शनाच्या फलाटांवर दूरदूरचे लोक उतरत आले आहेत. पण महाराष्ट्रातील गावोगावच्या हौदांत पोहणारा गप्पी मासा त्यांहूनही दूरचा पाहुणा होय.

तो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व त्रिनिदाद बेटावरील. तेथील डोंगरी झऱ्यांत त्याची वस्ती असते. नर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचा. मादी मोठी, पण रंगाने साधी. धबधब्याखाली मोठे भक्षक मासे असतात, म्हणून तेथील नर फिके. धबधब्याच्या वर शत्रू थोडे. तेथील नर नारिंगी-निळे ठिपके मिरवतात! जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने खालचे मासे वर नेऊन सोडले, तेव्हा दोनएक वर्षांतच त्यांची संतती अधिक रंगीत झालेली त्यास आढळली. हे संशोधन 1980 साली प्रसिद्ध झाले.

माढा तालुक्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात घरोघर पाणी साठवावे लागते आणि साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. गप्पी त्यांच्या अळ्या खातो, म्हणून आरोग्य खाते त्यास हौदांत सोडते. येथवर सारे योग्यच आहे. (हौदावर घट्ट झाकण असेल, तर गप्पीचीही गरज नाही, हे वेगळे.)

परंतु काही उत्साही माणसे उरलेले गप्पी ओढ्यात सोडून पुण्य जोडल्याचे समाधान मानतात. हे मात्र सर्वथा चुकीचे आहे. गप्पीची मादी अंडी न घालता जिवंत पिले प्रसवते आणि तेही सुमारे महिन्या-महिन्याच्या अंतराने. घाणेरड्या पाण्यातही हा मासा तग धरतो. इतर माशांची अंडी व कोवळी पिलेही त्यास वर्ज्य नाहीत. हौदातला गप्पी हौदातच राहतो; ओढ्यातला मात्र पहिल्या पुरासरशी नदीला मिळतो आणि मग त्यास परत आणता येत नाही. परका मासा केवढा माजतो, हे उजनी जलाशयातील आफ्रिकेच्या चिलापीविषयी भीमाकाठच्या मच्छीमारांना विचारावे.

ओढ्यात अळ्या खाणारे देशी मासे असतातच. डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागाशी पोहणारा एक चिमुकला मासा त्यांपैकीच. तळाच्या वाळूत मिशाळ मुरी राहते. 1839 साली कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा तिचे मराठी नावच त्याने शास्त्रीय नावात घातले. अशा माशांच्या घरात पाहुणा घुसविण्याचा अधिकार कोणास आहे? उरलेले गप्पी शेजाऱ्याच्या हौदात द्यावेत.