तो ‘हो’ म्हणतो, म्हणजे त्याला समजले का?

आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा मुलगा असतो. वय पंचवीस, पण सुट्टे पैसे मोजता येत नाहीत. दुकानातून साखर आण म्हटले तर आणतो, दोन वस्तू सांगितल्या की एक विसरतो. कुणी दरडावून विचारले की घाबरून ‘हो’ म्हणतो. कुणी त्याला भोळा म्हणते, कुणी येडा. वस्तीत सगळे ओळखतात म्हणून त्याचे निभावते. हाच मुलगा मोबाईल चोरीच्या संशयावरून पोलीस ठाण्यात बसला तर काय होईल? ‘तूच घेतलास ना?’ या प्रश्नालाही तो ‘हो’च म्हणेल.

याला बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात. हा मानसिक आजार नाही. आजार पुढे कधीही होऊ शकतो, त्यावर गोळ्या असतात. बौद्धिक दिव्यांगत्व लहानपणापासून असते. त्यावर गोळी नाही, शिकवणे आणि सोबत हाच उपाय. एक नर्स म्हणून सांगते, हा फरक सरकारी दवाखान्यातही अनेकांना माहीत नसतो. मग ठाण्यात आणि तुरुंगात कुठून असणार?

हा फरक कायद्यातही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये आजारी कैद्यांच्या उपचाराची तरतूद आहे, पण त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळले आहे. म्हणून तुरुंगात मानसोपचार तज्ज्ञ येऊन गेले तरी आपल्या या मुलाचा प्रश्न सुटतोच असे नाही. तो आरडाओरडा करत नाही, तक्रार करत नाही. बराकीत दुसऱ्याचे कपडे धुतो, आपल्या वाटणीचे खाणे देऊन टाकतो, कोर्टाची तारीख विसरतो, दुखले तरी सांगत नाही. वरून शांत दिसतो म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

लक्ष गेले नाही तर काय होते, ते कोलकात्याच्या डमडम तुरुंगात दिसले. नेपाळचा एक माणूस खटल्याचा निकाल न लागता सुमारे ४० वर्षे तिथे होता. तपासणीत त्याची समज लहान मुलाएवढी असल्याचे आढळले. कोलकाता उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २०२१ मध्ये तो सुटला. तोपर्यंत त्याचे आयुष्य निघून गेले होते.

हा प्रश्न आपल्या घरांचा का, तेही पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. कच्च्या कैद्यांत साधारण पाचातला एक अनुसूचित जातीचा आहे. जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, आणि त्यात मुलाला स्वतःची बाजू सांगता येत नाही, असे तिहेरी ओझे गरीब घरावर पडते.

खरे तर कायद्याने वाट ठेवली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून पुढे अशा आरोपींसाठी वेगळी पद्धत दिली आहे. खटला समजून घेऊन बचाव करण्याची कुवत आरोपीत आहे का, हे न्यायालयाने डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे असते. सोडणे शक्य नसेल तर काळजी आणि योग्य शिक्षण-प्रशिक्षण मिळेल अशा निवासी केंद्रात पाठवण्याची तरतूदही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १२ मध्ये न्याय मिळवण्यासाठी लागणारी मदत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कैदी आत येतानाच त्याचे दिव्यांगत्व ओळखा आणि तुरुंगाचे नियम त्याला कळतील अशा सोप्या रीतीने सांगा.

आपल्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात हे प्रत्यक्ष दिसले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. दाखल करताना वजन आणि रक्तदाब पाहतात, तसे चार साधे प्रश्न विचारावेत: शाळा कितवीपर्यंत झाली, आज वार कोणता, शंभरातून तीस गेले तर किती उरले, इथे कशासाठी आणले आहे. शंका आली तर सीपीआरमध्ये तपासणीला पाठवावे. अशा कैद्याला एक ठरलेला मदतनीस द्यावा. त्याने तारीख पुन्हा पुन्हा सांगावी, वकिलाशी बोलताना सोबत बसावे, छळ होत नाही ना ते पाहावे. सुरक्षिततेच्या नावाखाली त्याला एकटे कोंडू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही. शेंडा पार्कातल्या चेतना विकास मंदिरासारख्या शाळेमुळे या मुलांना शिकवणारी अनुभवी माणसे कोल्हापुरातच आहेत. त्यांची मदत कारागृहाने मागावी.

‘मग प्रत्येक आरोपी भोळेपणाचे सोंग आणेल’, असे काही जण म्हणतात. पण हे दिव्यांगत्व अटकेच्या दिवशी सुरू होत नाही. बुद्धीची चाचणी, शाळेची नोंद, तो केव्हा चालायला-बोलायला लागला, रोजची कामे किती जमतात, हे सगळे पाहून तज्ज्ञ ठरवतात. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही खरा गुन्हेगार सापडायला हवा असतो. घाबरून दिलेल्या ‘हो’ने तो सापडत नाही.

घरच्यांनीही काही कामे आजच करून ठेवावीत. सीपीआरमधून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबू नका. शाळेचा दाखला आणि जुने केसपेपर जपून ठेवा, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मुलाला पोलिसांनी नेलेच तर दिव्यांगत्वाची माहिती ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. अटक झाल्यावर २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते; तिथे हाच कागद दाखवा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अनुसूचित जातीच्या, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ज्यांचा मुलगा आधीच आत आहे त्यांनी प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावा. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते. तिच्यापुढे हे प्रकरण ठेवा, अशी मागणी अर्जात करा. एकट्या आईला हे जमणार नाही. वस्तीतल्या दोघा शिकलेल्यांनी तिच्यासोबत कोर्टात जावे.