वैशाखावरची फिर्याद

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्यास येणारी एखादी मोटार वळणावर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी राहिली, की भोवती जमणाऱ्या मंडळींचा फैसला सहसा तयार असतो : ऊन फार आहे, पाणी टाका, आणि एवढ्यानेही भागले नाही तर तो थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या मुलखात त्याचे काय काम? या मताचा मुलाहिजा आजवर पुष्कळ राखला गेला असल्यामुळे त्याचे खंडन उद्धटपणाचे दिसेल. पण त्यातील एकही कलम यंत्रापुढे टिकत नाही, आणि पाण्याचे कलम तर या जिल्ह्यापुरते विशेष घातक आहे.

उन्हाचा भाग नाकारण्याचे कारण नाही. इंजिनातील पाणी सुमारे ९० अंशांवर खेळत असते. बाहेर २४ अंश असताना उष्णता टाकण्यास रेडिएटरला ६६ अंशांचे अंतर मिळते, ४४ अंशांच्या दुपारी केवळ ४६ अंशांचे, म्हणजे त्याचे सामर्थ्य जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटते. परंतु ही तूट सोसण्याची तजवीज निर्दोष गाडीत मुळातच केलेली असते. माघात झाकून राहिलेला बिघाड वैशाखात उघडा पडतो, एवढाच उन्हाचा संबंध.

पाण्याचे प्रकरण अधिक गंभीर. पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा मुलूख खारपाणपट्ट्याचा. ज्या बोअरचे पाणी आपण पाहुण्याला देत नाही, तेच बाटली भरून इंजिनाला निःशंकपणे पाजतो. त्यातील क्षार तापलेल्या हेडच्या आत कवच धरतात, आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवरील संरक्षक थर कुरतडून त्यास बारीक छिद्रे पाडते. आमची जीप, आमची अँबॅसेडर विहिरीच्या पाण्यावरच चालली, ही जुन्या ड्रायव्हरांची कैफियत खोटी नव्हे. मात्र त्या काळी ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्यापितळेचा असे, आज रेडिएटर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. कूलंट ही थंड देशांची चैन, हा समजही निराधार आहे. गोठण्यापासूनचे संरक्षण आपणांस नको असेल, पण त्यातील गंजरोधक द्रव्ये आणि वाढलेला उत्कलनबिंदू आपणांसच अधिक हवेत. ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घालावे.

थर्मोस्टॅटच्या हद्दपारीविषयी थोडक्यात. पुष्कळ इंजिनांत तो उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची मोकळी राहते आणि काही पाणी न निवताच पुन्हा इंजिनात शिरते. संशय असल्यास तो दोरीने पातेल्यातील पाण्यात सोडून पाणी तापवावे. ८० ते ९० अंशांच्या सुमारास उघडून निवल्यावर मिटला, तर त्याला निर्दोष मानून जागेवर बसवावे.

निदानासाठी नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक पुरेसा आहे, आणि तो अंगणातही चालतो. गाडी खामगावच्या बाजारगर्दीत तापते व मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले तपासावेत. उलट गावात शहाणी असणारी गाडी समृद्धी महामार्गावर वेगात तापत असेल, तर वाऱ्याचा तुटवडा नसून पाण्याचा प्रवाह मंदावला आहे किंवा रेडिएटरची जाळी बुजली आहे, असे अनुमान करावे. कापसाच्या हंगामात तंतू आणि धूळ यांचा लगदा तेथे बसतो, तो इंजिनाच्या बाजूने बाहेर हलक्या धारेने धुवावा. झाकणाकडे तर कोणी पाहतच नाही! सुमारे एक वातावरण जादा दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर चिरून दाब गेला की ते १०० अंशांनाच उकळू लागते. मात्र ते झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे, कारण घाटात ते शौर्य गाजवणाऱ्याचे हात आणि तोंड भाजल्याशिवाय राहत नाही.

खाली थेंबही न गळता पाणी घटते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहतो आणि तेल दुधाळ दिसते, तर हेड गॅसकेट गेल्याचा दाट संशय धरावा. तेथे घरगुती चौकशीचा अधिकार संपतो. अशी गाडी कारागिराकडे चालवीत न नेता ओढूनच न्यावी, मग गॅरेज पुढच्याच चौकात का असेना.