बोर्डीत बघायला काय आहे?

मंडळी, थंडी सुरू झाली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "दोन दिवस बोर्डीला येतोय, बघायला काय काय आहे?" समुद्र, सुरूची झाडं आणि चिकूच्या वाड्या एवढं सांगितलं तरी सगळे खूश! चिकूला २०१६ साली 'डहाणू घोलवड' या नावाने भौगोलिक मानांकनही मिळालंय.

जरा धट्टेकट्टे असतील ते बहारोट चढतात. पारशी परंपरा सांगते की संजाण पडल्यावर इराणशाह अग्नी या डोंगरातल्या गुहांमध्ये बारा वर्षं जपला. तोच अग्नी १७४२ पासून पलीकडे गुजरातेत उदवाड्याला आहे, आजही तेवतोय. म्हणजे बहारोट हे पारशी लोकांचं तीर्थ. तिथे मोठ्याने गाणी लावणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. (मास्तरकी जात नाही, काय करणार!)

पण बोर्डीचा सगळ्यात मोठा वारसा मला विचाराल तर तो डोंगरावरही नाही आणि किनाऱ्यावरही नाही. १९४५ साली ताराबाई मोडक इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढायला आल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीचं महागडं साहित्य खेड्याला कुठून परवडणार? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात जाऊन बसली. ती अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्यातून गावोगाव अंगणवाड्या झाल्या. आज देशात त्या चौदा लाखांच्या घरात आहेत!

आमच्या एका भाच्याचं मत, इथेही एक 'हेरिटेज व्हिलेज' करावं. ऑस्ट्रेलियात बॅलरॅटजवळ सोव्हरिन हिल म्हणून आहे. सोन्याच्या खाणीच्या काळातलं गाव पुन्हा उभारलंय, १९७० पासून लोक तिकीट काढून बघतात. दुकानदार, शिपाई, सगळे जुन्या वेषात. तिथे ते शोभतं, कारण तो काळ संपला. त्या वेषातली माणसं संध्याकाळी कपडे बदलून घरी जातात. आमच्याकडे वारली पोराने तारपा घेऊन रिसॉर्टच्या दारात उभं राहायचं का? त्याचं घर पाड्यावर आहे, त्याची धाकटी बहीण आत्ता अंगणवाडीत बसलेली आहे. त्याचा देखावा कशाला करायचा?

त्यापेक्षा पाहुण्यांनी कोसबाडला जावं. सुट्टीच्या दिवशी नको, आधी विचारून, चालू दिवशी जावं. आणि जमलं तर एखाद्या अंगणवाडी सेविकेशी दहा मिनिटं बोलावं. एवढा मोठा वारसा चालवणाऱ्या या बाईला सरकार अजून पगार देत नाही, 'मानधन' देतं. माझ्या मते ही लाजिरवाणी गोष्ट आहे. फोनवर मी हे सगळं सांगतोच. ऐकणारा एखाददुसराच. बाकीचे विचारतात, चिकू कुठे स्वस्त मिळतील?