डोळ्यांच्या डॉक्टरांची पाटी कशी वाचाल? एम.एस., डी.एन.बी. आणि डी.ओ.

हर्सूलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, त्यांच्या पाटीवर एम.एस. नाही, डी.एन.बी. आहे. चालेल ना?" या शंकेपायी काही जण ऑपरेशनच पुढे ढकलतात. म्हणून ही अक्षरे समजून घ्या.

एम.एस. आणि डी.एन.बी.
दोन्ही एम.बी.बी.एस.नंतरचे तीन वर्षांचे शिक्षण. प्रवेश 'नीट-पीजी'मधूनच मिळतो, प्रबंधही दोन्हींत लिहावा लागतो. फरक आहे तो परीक्षा कोण घेते यात. आपल्या घाटीसारख्या महाविद्यालयातील एम.एस.ची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. डी.एन.बी.ची परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ देशभर एकाच वेळी घेते आणि लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रात्यक्षिकाला बसता येत नाही. दोन्ही पदव्या समकक्ष मानल्या जातात. त्यामुळे डी.एन.बी. पाहून बिचकू नका.

डी.ओ. किंवा डी.ओ.एम.एस.
ही दोन वर्षांची पदविका. २०१९च्या सुमारास महाविद्यालयांतील पदविकेच्या जागा पदवीत बदलण्याचे धोरण आले. पण तज्ज्ञांची कमतरता होतीच. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने आठ विषयांत दोन वर्षांची पदविका सुरू केली, त्यात नेत्रविज्ञानही आहे. पदविकाधारकही नेत्रतज्ज्ञच असतात. अनेक ज्येष्ठ पदविकाधारकांनी वर्षानुवर्षे मोतीबिंदूची ऑपरेशने केली आहेत.

फेलोशिप
पडदा, काचबिंदू, बुबुळ अशा एकाच भागाचे हे पुढचे प्रशिक्षण. साध्या मोतीबिंदूसाठी ती असलीच पाहिजे असे नाही. मधुमेहामुळे पडदा खराब झाला असेल, तर मात्र पडद्याचे तज्ज्ञ शोधा.

ऑप्टोमेट्रिस्ट
हे चष्म्याचा नंबर तपासतात, पण ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नाहीत. नवा चष्मा घेतला म्हणजे डोळ्यांची पूर्ण तपासणी झाली, असे समजू नका.

परीक्षेतून किमान पात्रता कळते, हाताचा सराव कळत नाही. म्हणून तीन गोष्टी विचारा: महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, आणि गुंतागुंत झाली तर पुढे कुठे पाठवाल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

मात्र अचानक दिसेनासे झाले, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले, किंवा डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, तर पदव्यांची तुलना करत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे किंवा घाटीत जा. अशा वेळी उशीर झाला, तर गेलेली नजर परत येईलच असे नाही.