हॉटेलच्या तलावात अपघात झाला तर...

समजा, सोलापूरचे एक कुटुंब नात्यातल्या लग्नासाठी बेंगळुरूला गेले आहे. वरपक्षाने पाहुण्यांची सोय एका मोठ्या हॉटेलात केली आहे. पोहण्याचा तलाव पाहून मुले हरखून जातात. दुपारी चौदा वर्षांचा मुलगा काठावरून सूर मारतो. पाणी किती खोल आहे, हे कुठेही लिहिलेले नाही. त्याने उडी घेतली त्या बाजूला ते जेमतेम कमरेएवढे असते. मुलाचे डोके तळावर आपटते. तलावावर जीवरक्षक नाही. टॉवेल देणारा नोकर आणि लग्नातला एक पाहुणा मिळून त्याला बाहेर काढतात.

हॉटेलचे मॅनेजर धावत येतात, गाडी देतात, इस्पितळाचे पहिले बिलही भरतात. संध्याकाळी ते एक कागद घेऊन येतात. फक्त औपचारिकता आहे, सही करा, असे गोड शब्दांत सांगतात. कागदावर लिहिलेले असते की, अपघात मुलाच्याच चुकीने झाला, भरपाई मिळाली आणि हॉटेलविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. आई अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेली, वडिलांच्या हातात पेन.

अशा वेळी वडिलांनी काय करावे? पेन खाली ठेवावे. उपकाराच्या ओझ्याखाली केलेली ही एक सही पुढे मुलाच्या औषधपाण्याच्या आड येऊ शकते.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’

‘तलावाचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा’ अशी पाटी बहुतेक हॉटेलांत असते. ती वाचून अनेकांना वाटते की, आता आपल्याला काही बोलता येणार नाही. हा समज खरा नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ मध्ये पाहुण्याची मोटार चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. तरीही स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला अशा छापील ओळीने सुटका करून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. मोटारीला हा न्याय मिळतो, तर माणसाच्या जिवाला तो का मिळू नये?

तलावाबाबतचा निकालही आहे. कोवळमच्या ‘समुद्र’ या केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलात २००६ मध्ये एक पाहुणा तलावात बुडून मरण पावला. तेथे जीवरक्षक नेमलेला होता, पण त्याच्याकडे बारमधले कामही सोपवलेले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ही सेवेतील त्रुटी मानून कुटुंबाला ६२ लाख ५० हजार रुपयांची भरपाई देवविली. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जीवरक्षक नुसता पगारपत्रकावर असून चालत नाही, तो पाण्याजवळ हवा, हा या निकालाचा अर्थ.

मार्ग तीन

पहिला मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पैसे देणाराच ग्राहक असतो असे नाही. त्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच. म्हणून खोलीचे भाडे वरपक्षाने भरले असले, तरी या मुलाच्या वतीने त्याचे आईवडील तक्रार करू शकतात. ‘तलाव तर फुकट होता’ हा हॉटेलचा युक्तिवादही लंगडा आहे, कारण तलावाची जाहिरात करूनच खोलीचे भाडे आकारले जाते.

बेंगळुरूच्या हॉटेलविरुद्ध तक्रार करण्यासाठी बेंगळुरूलाच खेटे घालावे लागत नाहीत, ही मोठी सोय आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगात तक्रार चालते. म्हणजे हे कुटुंब सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच येते. इथे मागितलेली भरपाई नव्हे, तर हॉटेलला दिलेले पैसे मोजतात. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कही नाही. वकील लावण्याची सक्ती नाही, पण दुखापत गंभीर असेल तर तो लावणेच शहाणपणाचे. तक्रारीची मुदत मात्र २ वर्षे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. साक्षीपुरावा गुंतागुंतीचा असेल, तर हा मार्ग घ्यावा लागतो. पण त्याला किती वेळ लागू शकतो, हे आधी समजून घ्यावे. क्लाउस मिटेलबाखर्ट हा लुफ्तान्साचा जर्मन सहवैमानिक १३ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकाँटिनेंटल हॉटेलच्या तलावात उडी मारताना तळावर आपटला आणि पंगू झाला. १९७५ मध्ये त्याने दावा लावला. १९८५ मध्ये तो वारला. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. आर. सी. लाहोटी यांनी ५० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. पंचतारांकित दर घेणाऱ्या हॉटेलवर काळजीची जबाबदारीही तेवढीच मोठी, असे त्यांनी स्पष्ट केले. पण पुढे अपिलात खंडपीठाने हा निकाल रद्द केला. फिर्यादीच्या मृत्यूबरोबर त्याचा दावाही संपला, हे त्याचे कारण. हॉटेलची चूक दाखवणारा निकाल हाती आला आणि तोही टिकला नाही. उशिराची किंमत याहून मोठी काय असणार?

तिसरा मार्ग पोलिसांचा. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत आणि मृत्यू झाला, तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळूरजवळच्या एका रिसॉर्टच्या तलावात तीन तरुणी बुडाल्या, तेव्हा मालक आणि मॅनेजर या दोघांनाही अटक झाली होती. फौजदारी खटला मुख्यतः शिक्षेसाठी असतो, भरपाईसाठी वेगळीकडे जावे लागते. तरीही पोलिसांचा पंचनामा पुढे फार उपयोगी पडतो. बेंगळुरूत तक्रार देता आली नाही, तर आपल्या गावच्या ठाण्यातही ‘झीरो एफआयआर’ नोंदवता येतो.

पहिल्याच दिवशी

यापैकी कोणताही मार्ग धरला, तरी पुरावा पहिल्या एकदोन दिवसांतच गोळा करावा लागतो. दुसऱ्या दिवशी तलावावर नवी पाटी लागू शकते, जीवरक्षक उभा राहू शकतो. म्हणून घरातल्या एकाने रुग्णाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने तलावावर जावे. तलावाचे, पाट्यांचे किंवा त्या नसल्याचे आणि निसरड्या फरशीचे फोटो घ्यावेत. ज्यांनी पाहिले त्यांची नावे, पत्ते आणि फोन नंबर लिहून घ्यावेत. सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी ते जपून ठेवावे, अशी लेखी मागणी मॅनेजरकडे करावी आणि त्याची पोच घ्यावी. दुखापत कुठे आणि कशी झाली, हे इस्पितळाच्या कागदांवर नोंदवायला सांगावे. खोलीचे बिल, औषधांच्या पावत्या, प्रवासखर्च आणि बुडालेल्या पगाराचा दाखला एका फाइलमध्ये ठेवावा.

आपली बाजूही प्रामाणिकपणे पाहावी. मोठ्या माणसाने मद्य पिऊन किंवा ‘सूर मारू नये’ ही पाटी डावलून उडी घेतली असेल, तर भरपाई कमी होऊ शकते. खरे तेच सांगावे. उलटतपासणीत खोटे टिकत नाही आणि त्यामुळे खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

आणि तो मॅनेजरचा कागद? त्याची प्रत मागून घ्यावी आणि वकिलाला दाखवून कळवू, एवढेच सांगावे. हॉटेलने मदत दिली तर ती जरूर घ्यावी, पण तिची पावती फक्त मिळालेल्या रकमेपुरतीच द्यावी. तडजोड करायला हरकत नाही. मात्र मुलाला पुढे किती उपचार लागतील, हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच तिचा विचार करावा. त्या रात्री तरी आईवडिलांनी मुलाजवळच बसावे, सहीची घाई हॉटेलला असते.