पाठीवरचे ओझे आणि तटावरचे ओझे

कार्तिकी एकादशी जवळ आली, की बडोद्यातील मराठी घरांत यात्रेचे वारे वाहू लागतात. कुणाला गिरनारची परिक्रमा करून दत्तपादुकांचे दर्शन घ्यायचे असते, तर कुणी नर्मदेच्या तटाने पायी चालण्याचा संकल्प सोडलेला असतो. आणि चालण्याचा सराव सुरू होण्याच्या कितीतरी आधी सॅक, तंबू, स्लीपिंग बॅग, घडीची काठी, चिमुकला स्टोव्ह अशा जिनसांची फेहरिस्त तयार होऊन तिच्यावर प्राप्तीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. हे सामान हलके असते हे खरे. परंतु ओझे कमी करण्याचा अव्वल मार्ग वस्तू वगळण्याचा असून हलकी वस्तू विकत घेण्याचा मार्ग त्याच्या मागून येतो, आणि हा क्रम आपण उलटा करून बसलो आहोत, असे मला फार तीव्रतेने वाटते.

पाश्चात्त्य पदयात्रिकांनी या विषयाचे शास्त्र मोठ्या बारकाईने रचले आहे. अन्न, पाणी आणि इंधन वजा जाता उरलेले सामान दहा पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार किलोंच्या आत बसले तर ते अतिहलके, असा त्यांचा दंडक. परंतु त्याच अमेरिकेत 1955 साली एमा गेटवुड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या आजीबाई घरी शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर टाकून, साधे कॅनव्हासचे बूट घालून आणि पावसासाठी न्हाणीघराचा पडदा जवळ बाळगून अ‍ॅपलेशियन पर्वतमार्गाची तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट एकट्या चालून गेल्या.

आपल्याला तर इतक्या दूर पाहण्याचेही कारण नाही. ओंकारेश्वराहून निघून, नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवीत दक्षिण तटाने समुद्रापर्यंत गेलेले आणि तेथून नावेने उत्तर तटावर उतरलेले परिक्रमावासी हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील चांदोदच्या घाटावर येतात, तोवर झोळीतले अनावश्यक ते बहुतेक वाटेतच देऊन टाकलेले असते. गेल्या पौषात अशाच एका मराठी बाईंनी आपले गाठोडे माझ्यासमोर उकलले. एक जादा लुगडे, लोकरीची शाल, नर्मदाजलाची कुपी, सुईदोऱ्याची डबी, पायाच्या फोडांसाठी खोबरेल आणि स्वच्छ चिंध्या, स्टीलचे ताट, आणि रात्री अंथरुणाखाली घालायचा व पाऊस आलाच तर अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा एक तुकडा. जाड टर्किश टॉवेल त्यांनी आरंभीच एका आश्रमात ठेवून दिला होता, कारण तो दुपारपर्यंत वाळत नाही आणि शोषलेले पाणी पाठीवर वाहायला लावतो. पंचा मात्र स्नानानंतर काठीला बांधला, की पुढचे गाव येईतो कोरडा होतो. हिमालयातील बर्फासाठी बनवलेली पिसांची स्लीपिंग बॅग या तटावर नाहक आहे. उलट नदीकाठच्या दवाने पिसे भिजली, की त्यांची ऊबही जाते.

याचा अर्थ सर्वच वगळावे असा नव्हे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते म्हणून पाणीच कमी घेणारे तरुण मी पावागडच्या चढावर पाहिले आहेत, आणि ती काटकसर प्राणावर बेतू शकते. पायाला सरावलेले बूट, नित्याची औषधे आणि विजेरी यांवरही कात्री चालवू नये.

परंतु मला खरोखर सांगायचे आहे ते याहून निराळे. परिक्रमावाशाची झोळी हलकी राहू शकते, याचे कारण तटावरच्या गावांनी पिढ्यानपिढ्या चालवलेले सदाव्रत हे होय. त्याने जे तांदूळ, जी डाळ आणि जे अंथरूण पाठीवर घेतलेले नसते, ते सगळे कुणा गरीब शेतकऱ्याच्या घरातून वा आश्रमाच्या कोठारातून येते. आपल्या पाठीवरून उतरलेला भार कोणाच्या पाठीवर जाऊन बसला, याचा जमाखर्च हलके चालणाऱ्याने मांडलाच पाहिजे. पाव किलोचे ताट घरी ठेवणारा यात्रिक वाटेवर पत्रावळ्या नि प्लास्टिकचे पेले टाकीत जातो, आणि गिरनारच्या परिक्रमेनंतर त्या अरण्यात कचऱ्याचे केवढे ढीग उरतात, ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून स्वतःचे ताट-पेला आणि आपला कचरा परत आणण्याची पिशवी एवढा भार मी प्रत्येकाच्या सॅकमध्ये आग्रहाने वाढवीन.

उरला खर्चाचा प्रश्न. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 च्या सुमारास अमेरिकेतील ग्रंथपाल बॉर्डन यांच्या हस्ते ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत्या ठेवण्याचा शिरस्ता त्यांच्या संस्थानात पडला. ज्या शहराने ग्रंथांची अशी तजवीज केली, तेथील यात्रामंडळांना आणि व्यायामशाळांना चांगल्या सॅक, तंबू नि स्लीपिंग बॅगांचे सामायिक भांडार चालवणे अवघड जाऊ नये: अनामत घेऊन वस्तू द्यावी, परत येताच धुऊन, उसवलेली शिवण घालून पुढच्याच्या हाती द्यावी, आणि देण्यापूर्वी जाणाऱ्याची सगळी सॅक काट्यावर चढवून, जिन्नसवार वजन लिहून, त्यातले काय घरी ठेवता येईल हे एखाद्या अनुभवी परिक्रमावाशाने त्याच्यासोबत बसून ठरवावे. पुढील कार्तिकापर्यंत एखाद्या मंडळाने हे काम हाती घेतले, तर माझ्याकडील सामान मी पहिल्याच दिवशी तेथे जमा करीन.